अंडी फिरवायची सवय

आज सकाळी श्रीलंकेहून माझ्या मुलीचा, ऋतुजाचा फोन आला. ती प्राणिशास्त्र शिकते आणि कॉलेजच्या गटाबरोबर तीन महिन्यांसाठी तिथल्या किनाऱ्यावर समुद्री कासवांच्या अभ्यासाला गेली आहे.

"पप्पा, मी अंडी पुरलेल्या घरट्यातून एक बी पिल्लू निघालं नाय. आज उकरून बघितलं. सगळी अंडी खराब."

भरतीच्या पाण्यात सापडतील अशी अंडी काढून वर कोरड्या वाळूत पुरायची, हे त्यांचं काम. मात्र नेताना अंडं फिरवायचं नसतं. फिरलं की आतला जीव मरू शकतो.

पडेगावला आमच्या घरी कोंबड्या आहेत. उबवणीच्या पेटीतली अंडी रोज फिरवावी लागतात, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं. ऋतुजा लहानपणापासून ते करते. मीच तिला शिकवलं.

"तिथं कुणी सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं ओ. पण अंडं ठेवताना हात आपोआप फिरायचा. आमच्या कॉलेजच्या मॅडमना वाटलं, घरट्यात पाणी शिरलं असंल."

"मग वाटू दे की. तू कशाला बोलतीस?"



"मी आत्ताच सांगून आले, पप्पा. आता मला घरट्यांना हात लावू देणार नाहीत."

अंडी फिरवताना तिला भान नव्हतं. गप्प राहा असं सुचवताना मला पूर्ण भान होतं.

तुम्ही तुमच्या मुलीला काय सांगितलं असतं? खरं लिहा.