हरभऱ्यातली हरणं

हिवतापानंतर यांचा हात थरथरायला लागला, म्हणून यांचा कॅमेरा माझ्याकडे आला.

हे बुलढाण्याला शाळेत विज्ञान शिकवायचे. विलायतेला परत चाललेल्या एका साहेबाने जाताना यांना कॅमेरा आणि त्याचं लांब नळीचं भिंग देऊन टाकलं होतं. तिपाई मात्र मिळाली नव्हती. ते वजनदार भिंग नुसत्या हातांवर तोलायचं. जरा हललं की फोटोत पाखराच्या जागी धुराचा डाग. कोपरं बरगड्यांना टेकवून श्वास धरायला मी हळूहळू शिकले.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. एक दिवस धाड गावाकडचा, यांच्या ओळखीचा म्हातारा शेतकरी घरी आला. म्हणाला, "मास्तर, हरणं हरभरा खाऊन राह्यली. कचेरीत बंदुकीचं लायसन मांगतलं, तं म्हणते, हरणं हायेत कशावरून? तुमी फोटो काढून द्या."

आम्ही सर्व्हिस मोटारीने गेलो, त्याच्याकडे मुक्काम केला आणि उजाडता उजाडता वावरात शिरलो. धुकं इतकं होतं की पुढे चाललेले हे मधूनच नाहीसे व्हायचे. हरभऱ्यावरच्या आंबट दवाने माझं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं, पायांना चुणचुण लागली. धुऱ्यापाशी, वावराच्या बांधाला, आम्ही बसून राहिलो. कशाचाच आवाज नव्हता. मग धुक्याचाच एक तुकडा हलला आणि त्याला कान फुटले.

मी भिंगाला डोळा लावला, आणि लांबची हरणी माझ्या पापणीशी आली. ओला डोळा, ओठांत हिरवी डहाळी. ती सावकाश चावत होती. तिच्यामागे धुक्यातून एकेक पाठ वर येत होती, पिळदार शिंगांचा काळवीटही. मी कुठे आहे, कशाला आले आहे, सगळं विसरले.

"दाब ना," हे कुजबुजले.

"थांबा. खाऊन राह्यली ती."

शेवटी दाबलं. एवढ्याशा आवाजाने सगळ्या माना वर झाल्या आणि कळप उसळला. त्या उड्या मला फार संथ वाटल्या, पाण्याखालून पाहिल्यासारख्या. मग पुन्हा नुसतं धुकं.

फोटो स्वच्छ आला. बाजाराच्या दिवशी आम्ही तो म्हाताऱ्याला बाजारातच नेऊन दिला. त्याने तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला.

"म्या यायले पळतानाच पाह्यलं, बाई. नुसत्या पाठी. हे तं आपल्या वासरावानी खाते."

मला राहवलं नाही. "बाबा, मग कचेरीत नका दाखवू."

"दाखवा लागते," तो शांतपणे म्हणाला. "हरभरा माह्या घरचा हाये." आणि फोटो धोतराच्या सोग्यात गुंडाळून तो निघून गेला.

त्याला लायसन मिळालं. पुढच्या हिवाळ्यात तो ओल्या हरभऱ्याची पेंढी घेऊन आमच्याकडे आला. मी चहा ठेवला. विचारावं की नाही, कळेना. तरी विचारलं, "हरणं येतात का?"

"दोन मारले. मंग नाही आले."

त्याने चहाची बशी तशीच खाली ठेवली. मग म्हणाला, "ती फोटोतली हाये का, म्हून जवळ जाऊन पाह्यलं. नाही वळखू आलं."

ती ओळखण्याइतकी जवळून मी पाहिली होती, आणि मीच त्याला पुरावा दिला होता. पण त्याच्यावर रागावू म्हटलं तरी राग येईना.

जायला उठताना तो चाचरत म्हणाला, "कचेरीनं फोटो ठेवून घेतला. आणखी एक असंन तं द्या."

"काऊन? आता कशाले?" यांनी विचारलं.

"घरी लावाले."

मी आतून दुसरा फोटो आणून दिला. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला.

संध्याकाळी आम्ही त्याचा हरभरा चुलीत भाजून खाल्ला. हरभरा गोड होता, हे कबूल केलं पाहिजे.