शाळेचं नेट काढायचा ठराव

आमच्या गावाला नेट पाण्याच्या टाकीवरून येतं. डोंगरावरच्या टॉवरवरून एक खासगी कंपनी ते टाकीवरच्या रेडिओपर्यंत पोचवते, आणि तिथून ते घराघरांच्या छपरांवर बसवलेल्या छोट्या पांढऱ्या अँटेनांत येतं. गावात त्यांना छत्र्या म्हणतात. केबल आमच्याकडे टिकत नाही, कारण रस्ता दरवर्षी कोणी ना कोणी खणतो. गाव नागावच्या पुढे, समुद्राला लागून. निम्म्या वाड्यांत आता नारळी-पोफळींच्या मधे पर्यटकांच्या खोल्या आहेत. शुक्रवारी संध्याकाळपासून गाड्या येऊ लागतात, आणि माणसं चहाच्या आधी वायफायचा पासवर्ड मागतात.

शाळा मात्र गावाच्या दुसऱ्या टोकाला, खाडीकडे, सुरूच्या झाडांमागे आहे. जिल्हा परिषदेची, दोन खोल्यांची. मी तिथेच शिकले. माझ्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी गेले, कारण तिथल्या गुरुजींनी मला शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवलं आणि पुढे बारावीसाठी मला म्हसळ्याला मावशीकडे ठेवायला वडिलांना राजी केलं. वडील तयार नव्हते. गुरुजी आमच्या पडवीत येऊन बसले आणि हो म्हटल्याशिवाय उठलेच नाहीत. आज माझ्या नावापुढे पदवी आहे ती त्या बसण्यामुळे.

गुरुजी निवृत्त होऊन पालीला राहायला गेले. त्यांची जागा सरकारने भरलीच नाही. उरलेल्या एकट्या बाई सगळे वर्ग सांभाळतात. तेव्हा गुरुजींनीच फोन करून सांगितलं, "बाई, शनिवारी सकाळच्या शाळेत मला पडद्यावर घ्या. पाचवीचं शिष्यवृत्तीचं गणित मी बघतो." तेव्हापासून दर शनिवारी गुरुजी पालीच्या घरातून आमच्या शाळेच्या भिंतीवर दिसतात.

एका शनिवारी मी सुट्टीवर घरी होते, म्हणून मुद्दाम शाळेत गेले. गुरुजी भागाकार शिकवत होते. "आता उरले किती?" असं त्यांनी विचारलं आणि त्यांचा चेहरा तोंड उघडं तसाच अडकला. मुलं आधी हसली. मग एकीने उत्तर सांगितलं, पुन्हा मोठ्याने सांगितलं, आणि गुरुजी तसेच तोंड उघडून बघत राहिले. तास संपेपर्यंत ते परत आले नाहीत. मुलांनी पाट्या दप्तरात घातल्या. ज्या मुलीने उत्तर दिलं होतं ती बाईंना विचारत होती, "बाई, गुरुजींना आयकू गेलं का?"

त्याच संध्याकाळी देवळात सभा होती. विषय होता शाळेचं नेट काढून टाकण्याचा.

गावातला सर्वांत मोठा होमस्टे ज्यांचा आहे, त्या काकांनी सुरुवात केली. "पावणे म्हणतात, काका, मासे झकास, पण नेट रडतंय. आता कंपनीचा माणूसच आलाय, त्याला विचारा."

कंपनीचा माणूस उभा राहिला. "शाळेचा सिग्नल वीक आहे. त्या एका कनेक्शनमुळे सगळ्यांचा स्पीड पडतो. ते काढलं की प्रॉब्लेम सुटला."

"ऐकलंत?" काका म्हणाले. "ती शाळा म्हंजे गळकी बादली हाय. कितीपण वता, भरायची न्हाय, आन् आपण मागं तहानेले."

लोक हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण कंपनीचा माणूस खोटं बोलत नव्हता. तो अर्धंच खरं बोलत होता, आणि उरलेलं अर्धं त्याला माहीत होतं.

मी नवी मुंबईत वायरलेसची यंत्रं तपासणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते. एका रेडिओवर अनेक जण आले की हवेतला वेळ त्यांच्यात कसा वाटायचा, हेच माझं रोजचं काम. म्हणून उठले आणि सांगितलं. टाकीवरचा रेडिओ एका वेळी एकाच छत्रीशी बोलतो. तेवढा वेळ बाकीचे सगळे थांबतात. जवळच्या घरांशी तो भराभर बोलतो. शाळेच्या आड सुरूची झाडं, म्हणून तिच्याशी त्याला सावकाश बोलावं लागतं, नाहीतर तिला कळत नाही. आता त्यात नियम असा लावलाय की प्रत्येकाला सारखीच वाक्यं, म्हणजे सारखाच डेटा, द्यायचा. सावकाश बोलून तेवढीच वाक्यं पुरी करायची, तर शाळेला वेळ जास्त लागतो आणि सगळे ताटकळतात. नियम बदलून प्रत्येकाला सारखा वेळ द्या. शाळेचं वाक्य अर्धं राहिलं तर राहू दे, ते पुढच्या पाळीला पुरं होईल. तिच्यापायी दुसऱ्या कुणाचं काही अडणार नाही.

"पोरी, तुझ्या हाफिसात कर हे प्रयोग," काका म्हणाले. "हितं पोटावर पाय येतोय."

"सेटिंग आहे का तसं?" कुणीतरी कंपनीच्या माणसाला विचारलं.

तो घुटमळला. "आहे. पण बंद ठेवलंय."

"का?"

"तशी कंपनीची पॉलिसी आहे."

म्हणजे टाकीला झेपतील त्यापेक्षा जास्त जोडण्या विकायच्या, वाटपाचं सेटिंग बंद ठेवायचं, आणि लोक ओरडले की बोट पोरांच्या शाळेकडे दाखवायचं. शाळेच्या बाजूने भांडायला देवळात येणार कोण? एकट्या बाई. त्या कोपऱ्यात बसल्या होत्या आणि त्यांना कुणी बोलूही दिलं नव्हतं.

मग मी काकांच्या छपराकडे बोट दाखवलं. देवळातून ते दिसतं. त्यावर तीन छत्र्या ओळीने बसल्या आहेत, आणि टाकीवरून त्यांना तीन पाळ्या मिळतात.

"आम्ही तीन भाव वायले झालो," काका म्हणाले. "तीन चुली, तीन छत्र्या. त्यात काय चुकलं?"

हे ऐकून मात्र मला राहवेना. आमच्या आळीच्या वाड्या एकाच विहिरीवर शिंपतात. पंप एक, पाट एक, आणि प्रत्येक घराची पाण्याची पाळी ठरलेली. पाळी घराची असते, झाडांची नसते. कुणाच्या नारळी जास्त म्हणून त्याला पाणी जास्त मिळत नाही. आणि भाऊ वेगळे झाले तर नवी पाळी मिळत नाही, बापाची पाळी त्यांनी आपसात वाटून घ्यायची. माझे वडील आणि चुलते वेगळे झाले तेव्हा वडिलांनी वेगळी पाळी मागितली होती. नाही म्हणायला विहिरीवर उभे राहिले ते हेच काका. आमच्या वाडीला तेव्हापासून अर्धी पाळी. मी लहानपणी पाटाशी बसून पाणी वळवायचे, आणि पोफळींची शेवटची ओळ भिजायच्या आत पंप बंद व्हायचा. तरी वडील म्हणायचे, नियम बरोबर आहे.

मी हे सगळं तिथेच बोलले. आवाज चढला होता. "काका, विहिरीवर तीन भावांची एकच पाळी आणि टाकीवर तीन? आणि पाटाच्या टोकाच्या वाडीला पाणी उशिरा पोचतं म्हणून कधी कुणी तिची पाळी बंद केली का?"

मग आमच्या शेजारची म्हातारी काकू खांबाला टेकून हसायला लागली. "व्हय रे, खरं हाय पोरीचं. तूच तर म्हनला होतास, भाव कितीबी होऊ देत, हीर एकच हाय. आता बोल की!"

"हीर येगळी आन् नेट येगळं," काका पुटपुटले, पण लोक आता त्यांच्याकडे बघून हसत होते.

कंपनीच्या माणसाने साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, गाव म्हणत असेल तर करून बघा, मग तक्रार घेऊन आमच्याकडे येऊ नका. शेवटी ठरलं ते असं: वाटप वेळेप्रमाणे, एका घराच्या सगळ्या छत्र्यांना मिळून एक पाळी, आणि हे फक्त येत्या शनिवारपर्यंत. पर्यटक ओरडले तर शाळेची छत्री उतरवायची. शाळेचं नेट काढायचा ठराव रद्द न होता तसाच राहणार होता.

आठवडाभर मी नोकरीवर होते, पण डोक्यात तेच. वेळ सारखा मिळाला तरी शाळेचा सिग्नल कमजोरच राहणार, आणि मग त्या वेळात गुरुजींचं बोलणं पुरं येणार नाही. म्हणून बाईंना फोन करून सांगितलं, छत्री सुरूच्या वर जायला हवी. बाईंनी पालकांना गोळा करून पोफळीचं लांब खोड शाळेच्या मागे रोवलं आणि छत्री त्याच्या टोकाला बांधली. नारळ काढणारा वर चढला आणि छत्री टाकीकडे वळवत राहिला. खालून मुलं ओरडत होती, "आजून थोडं! आजून! बस!"

पुढच्या शनिवारी मी पुन्हा शाळेत होते. गावात गाड्यांची रीघ लागली होती. बाईंनी पडदा सुरू केला. गुरुजी दिसले, चष्मा पुसत होते.

"बसा बसा. मागच्या वेळी मी विचारलं होतं, उरले किती. कुणी उत्तरच दिलं नाही. झोपला होतात काय सगळे?"

"गुरुजी, मी दिलं होतं!" ती मुलगी उठून उभीच राहिली. "तीन!"

"मग मोठ्याने बोलायचं की गं. म्हातारा झालोय मी."

तास शेवटपर्यंत चालला. गुरुजींचा चेहरा एकदाही अडकला नाही. होमस्टेतूनही ओरड आली नाही. यायचं कारणच नव्हतं, शाळेसाठी ताटकळणं संपल्यामुळे सगळ्यांनाच पूर्वीपेक्षा बरं मिळत होतं.

रविवारी मी काकांच्या अंगणात गेले. ते पाहुण्यांसाठी शहाळी सोलत होते.

"चाललंय ना बरं? मग राहू दे," ते म्हणाले.

"ठराव रद्द करा."

"आगं, छत्री हाय ना जाग्यावर? ठराव राहिला म्हणून काय बिघडतंय?"

"काका, विहिरीची पाळी कुणाला कधी आठवडाभर देऊन बघू म्हणून दिली होती का? ती घराची असते. शाळेचीही तिची आहे. ती तुम्ही मेहेरबानीने द्यायची गोष्ट नाही."

त्यांनी कोयता खाली ठेवला नाही. मीही तिथल्या बाकावर बसले. पाहुणे आले, शहाळी पिऊन गेले. काकांच्या बायकोने मला चहा दिला. मी चहा प्यायले आणि तशीच बसून राहिले. अखेर काका कावले. "आता उठ की! मुक्काम करतेस काय? सांगतो संध्याकाळी देवळात, रद्द म्हणून."

संध्याकाळी त्यांनी तसं सांगितलं. चुकलं असं मात्र ते म्हणाले नाहीत, आणि कंपनीही म्हणाली नाही. बाईंना त्या दिवशीही कुणी काही विचारलं नाही.

गुरुजींना यातलं काहीच माहीत नाही. त्यांना वाटतं, पालीचं नेट सुधारलं.