मी खोडलेली सातवी मागणी

दक्षाचा फोन मी दोनदा कापला. तलासरीत कामगारांचं शिबिर होतं. विषय होता कामाच्या ठिकाणचं आरोग्य आणि सुरक्षितता, आणि बोलत होते मी. समोर सतरंजीवर आसपासच्या कारखान्यांत जाणारे बायका-पुरुष बसले होते आणि मी त्यांना डहाणूतल्या एका फुग्यांच्या कारखान्याची गोष्ट सांगत होते. तिथल्या बायकांनी एकजुटीनं मास्क कसे मिळवले, एका कागदाच्या पत्रकानं शेठला कसं नमवलं... टाळ्या पडल्या. तिसऱ्यांदा फोन वाजला तेव्हा मी बाहेर आले. दक्षा रडत नव्हती. "आई गेली," एवढंच म्हणाली. तिची आई, रमिलामावशी, त्याच कारखान्यात अठरा वर्षं फुगे तपासत होती. आत्ता मी जी गोष्ट सांगून टाळ्या घेतल्या, ती तिच्याच खोलीची होती.

मी मूळची झरीची. वडील मजुरांच्या संघटनेत. आमच्या घरी गादीखाली, फळीवर, तांदळाच्या कणगीमागे पत्रकांचे गठ्ठे असायचे, आणि मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांच्या जाड मथळ्यांवरून. कॉलेजसाठी डहाणूला आले आणि खाडीजवळ मच्छीमारांच्या वस्तीत एक खोली भाड्यानं घेतली. भिंतीपलीकडे रमिलामावशीचं घर. नवरा भगवानकाका दुसऱ्याच्या बोटीवर जायचा, मावशी कारखान्यात, दक्षा तेव्हा दहावीत. पहिल्याच संध्याकाळी मी दारात उभी होते आणि समोरून एक पूर्ण पांढरी बाई चालत आली. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा. मी दचकलेली बघून ती हसली. "घाबरू नको गं बाय. काळी जाते, गोरी येते. शेठ पावडरचा पैसा कापत नाही, तेवढं त्याचं उपकार."

फुगे कसे बनतात ते मला तिच्याकडूनच कळलं. रबराच्या पातळ चिकात साचे बुडवायचे, वाळवायचे, आणि फुगे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांवर शंखजिऱ्याची, म्हणजे टाल्कची, पावडर मारायची. मग ते तपासणीच्या खोलीत येतात. तिथे भोक आहे का ते बघायला फुगवायचे. हवेचं यंत्र एकच, तपासणाऱ्या बायका आठ, म्हणून बहुतेक फुगे तोंडानंच फुगवले जायचे. हवा सोडली की प्रत्येक फुगा पावडरचा एक छोटा ढग सोडणार. खोलीला समुद्राच्या अंगाला एक मोठी खिडकी होती आणि ती बारा महिने बंद. उघडली की वारा आत शिरतो, खोलीभर घुमतो आणि फुगे उचलून थेट बाहेर रस्त्यावर नेतो. म्हणून खिडकीला खिळे मारून ठेवले होते. मावशीची जागा त्या खिडकीखालीच होती. मी तिला ओळखू लागले तेव्हापासून तिला खोकला होता. ती त्याला "माझा भाडेकरू" म्हणायची. "भाडं देत नाय, जात पण नाय."

पत्रक काढायचं मीच ठरवलं. मावशीच्या ओट्यावर बसून आठही बायकांशी बोलले. मावशी बोंबील साफ करत होती, बाकीच्या भिंतीला टेकून. मी लिहून घेत होते. आरोग्य तपासणी, हवा बाहेर फेकणारे पंखे, मास्क, पिण्याचं पाणी, वेगळा संडास, कामाचे तास. सहा झाल्या. मावशी म्हणाली, "माझी पण एक लिही. खिडकीला जाळी."

"कसली जाळी?"

"आमचीच, करंदी धरायची. बारीक असते, फुगा जाणार नाय, वारा येईल. जुनी पडलीय घरी. यांना सांगते, बांधून देतील. शेठनं फक्त खिळे काढायला हो म्हणायचं."

जशोदा नावाची तिची मैत्रीण म्हणाली, "अगं, फुगे पकडायला जाळी! उद्या शेठ म्हणेल बाजारात पण तूच विक." सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि सातवी मागणी लिहून घेतली.

रात्री खोलीवर आल्यावर मी ती खोडली. त्यामागचं कारण मला अजून पाठ आहे, कारण तेव्हा मला ते फार बरोबर वाटलं होतं. कायद्यानं हवा खेळती ठेवणं हे मालकाचं काम आहे. कामगारानं घरून फाटकी जाळी आणून ती सोय करायची आणि वर त्यासाठी परवानगी मागायची? ही मागणी नव्हे, ही लाचारी आहे. शिवाय उद्या शेठ म्हणेल, जाळी लावलीत ना, आता पंखे कशाला. असं सगळं मी स्वतःला पटवलं आणि एक सरळ रेघ मारली. मावशीला विचारावं असं मनात आलंच नाही. मी तिच्या वतीनं लढत होते, मग विचारायचं काय?

पत्रक छापून आलं. मावशी चौथी शिकलेली. तिनं ते ओळीखाली बोट ठेवत वाचलं, हळूहळू, ओठ हलवत. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. तिनं कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तिनं तो पुन्हा सरळ केला आणि म्हणाली, "छान छापलंय." मी बायकांना बजावलं, की आता यादीबाहेर कोणी एकटीनं शेठकडे काही मागायला जायचं नाही. एकटी गेली की एकी फुटते. हे वाक्य मी वडिलांच्या तोंडून लहानपणापासून ऐकलं होतं. सगळ्यांनी मान डोलावली. मावशीनंसुद्धा.

शेठनं सहापैकी एकच गोष्ट मान्य केली, जी सगळ्यांत सोपी होती ती. मास्क. आम्ही गेटवर फोटो काढला, आठ बायका, आठ पांढरे मास्क, मधे मी. तो फोटो मी किती ठिकाणी दाखवला असेल... पुढच्या आठवड्यात मावशी कामावरून आली तेव्हा मास्क तोंडावर नव्हता. मी चिडले. "मिळवून दिला तरी वापरत का नाही?" ती नळावर तोंड धूत होती. म्हणाली, "मास्क लावून फुगा कसा फुगवायचा, ते पण तुझ्या पत्रकात लिही ना बाय." मग माझं तोंड बघून तिलाच वाईट वाटलं असावं. "ठेवलाय गं जपून. सुपरवायझर म्हणाला, तपासणीचे साहेब येतील तेव्हा कोरा दिसला पाहिजे." आठही जणींनी मास्क घडी करून ठेवले होते. वर्षभर मी त्यांच्या मागण्या लिहीत होते, पण एक दिवस त्या खोलीत बसून तोंडानं एक फुगा फुगवून बघितला नव्हता.

त्यानंतर मी दुसऱ्या कामांत गेले. गंजाडला मजुरांच्या बैठका, तलासरीत शिबिरं. मावशी बारीक होत गेली. आधी टीबीची औषधं दिली, महिने गेले, फरक नाही. मग गुजरातेत वलसाडला नेलं. तिथल्या डॉक्टरनं तिला पहिल्यांदा विचारलं, काम काय करता? तिनं सांगितल्यावर तो बराच वेळ छातीचा फोटो बघत राहिला, असं दक्षा म्हणाली. मी शेवटची भेटले तेव्हा ती दारात बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून, खांदे वर उचलून, श्वास जणू वरून ओढून आणत. बोलताना मधेच थांबायची. "तुझं... बरं चाललंय ना? पेपरात... नाव आलं होतं." मी पंख्यांसाठी पुन्हा आंदोलन करू म्हणाले. ती हसली आणि थोडी सरकून मला बसायला जागा केली.

बारावं झाल्यावर मी दक्षाकडे गेले. मला ते बोलून टाकायचं होतं. म्हटलं, तुझ्या आईनं जाळीची मागणी लिहायला सांगितली होती, मी ती खोडली. दक्षा तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही. "माहीत आहे," ती म्हणाली. "बाबांनी जाळी धुऊन वाळवून ठेवली होती. पत्रक आलं, आईनं घरी वाचलं आणि जाळी परत बोटीवर पाठवली."

"मग ती स्वतः शेठला का नाही बोलली? एक शब्द तर होता."

दक्षानं मान वर केली. "तूच सांगितलं होतंस ना, यादीबाहेर एकटीनं मागायचं नाही. मी तिला किती वेळा म्हटलं, जा विचार. ती म्हणायची, त्या पोरीला शब्द दिलाय."

दुसऱ्या दिवशी मी शेठकडे गेले. पत्रक नाही, बायका नाहीत, एकटी. जाळीचं सांगितलं. तो फोनवर होता, हातानं फोन झाकून म्हणाला, "एवढंच? अरे बेन, आधी बोलायचं ना! जाळी तुमची तर लावा, खिळे आमच्याकडून." आणि पुन्हा फोनवर बोलू लागला. त्या माणसाचा गुन्हा यानं रत्तीभर कमी होत नाही. हवा देणं त्याचं काम होतं, त्यानं अठरा वर्षं ते केलं नाही, आणि पंखे अजूनही आलेले नाहीत. तो गुन्हा मी पुढेही लिहीन, मला तो लिहिता येतो. माझा मात्र मी पहिल्यांदाच लिहितेय. ज्या बाईला माझ्यापेक्षा तिच्या खोलीची हवा जास्त कळत होती, तिच्या तोंडून निघालेला उपाय मी कमी दर्जाचा ठरवला, आणि वर तिचं तोंडही बांधून टाकलं. तिनं माझी शिस्त पाळली. बाकी कोणी माझं इतकं ऐकलं नाही.

रविवारी कारखाना बंद होता. भगवानकाका आला, जाळीची गुंडाळी खांद्यावर. खिळे त्यानं स्वतः उपटले. मला फक्त "धर" आणि "सोड" म्हणत होता, तेवढंच. खिडकी उघडली तेव्हा खोलीभर पावडर उठली आणि आम्ही दोघं खोकत बाहेर पळालो. ती खाली बसायला बराच वेळ लागला.

सोमवारी जेवणाची सुट्टी संपता संपता मी आत गेले. वारा येत होता. दोन-चार फुगे उडून जाळीला चिकटले होते आणि जशोदा ते काढताना पुटपुटत होती, "घे, लागली मासोळी." कोणी फारसं हसलं नाही. मावशीच्या जागेवर अजून नवी बाई आली नव्हती. तिथली भिंत अठरा वर्षांच्या पावडरनं जाड पांढरी झालेली, फक्त एका जागी सिमेंट उघडं होतं, पाठीएवढं रुंद, वर खांद्यांपाशी थोडं जास्त घासलेलं. खोकला आला की ती तिथे मागे रेलायची, असं जशोदानं सांगितलं. मी तिथे बसले. टेकावं असं वाटलं, पण पाठ टेकवली नाही. जशोदानं माझ्यासमोर फुग्यांची टोपली सरकवली आणि म्हणाली, "बसलीस तर हात चालव." मी एक फुगा उचलला, तोंडाला लावला, आणि पावडरची पहिली चव जिभेवर आली.