अण्णा पडून बघतात

आमच्या अण्णांना दुपारी झोपण्याचा आजार आहे, हा शोध घरात मीच लावला. तोवर तो आजार जडून त्यांना तीस-पस्तीस वर्षं झाली होती आणि त्यांची तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत होती. पण शोध तो शोधच!

अण्णा म्हणजे माझे वडील. कोल्हापुरात आमचं सायकलदुरुस्तीचं दुकान, पुढं दुकान आणि मागं घर. दुपारी जेवण झालं की अण्णा दुकानाच्या फळ्या लावत, सोप्यात, म्हणजे घराच्या पहिल्या खोलीत, घोंगडं अंथरत आणि आडवे होत. मग घराचं रूपच बदलायचं. कौलांतल्या काचेतून उन्हाचा एक चौकोन जमिनीवर उतरायचा आणि सरकत सरकत अण्णांच्या पोटावर चढून बसायचा. पंखा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायचा. गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागायचं आणि कंटाळून अर्ध्यावरच सोडून द्यायचं. भिंतीला टांगलेली सायकलची चाकं कुणी हात न लावता किंचित फिरायची. (ती अण्णांच्या घोरण्यानं फिरतात, असं माझी धाकटी बहीण संगी म्हणायची. मी फिजिक्सचा पदवीधर असल्यामुळं मला ते मान्य नव्हतं. पण फिरायची खरी!)

चहाच्या वेळेला अण्णा उठत आणि कपबशी हातात घेऊन स्वप्न सांगत. त्यांना रोज स्वप्न पडायचं, आणि तेही आमच्यासारखं परीक्षेला उशीर झाल्याचं वगैरे फालतू नाही. एकदा त्यांच्या स्वप्नात रंकाळा ताकानं भरला होता आणि आई काठावर बसून, बोट बुडवून, "मीठ कमी हाय," म्हणत होती. एकदा समोरच्यांची म्हैस निवडणुकीला उभी राहिली, निवडून आली आणि पहिल्याच सभेत उठून गेली. "वैरण बरी न्हाय म्हणाली," अण्णा शांतपणे सांगत. आई पदराआड हसायची, संगी पुढं काय झालं ते विचारायची, आणि चहा निवून जायचा.

घरातला कोणताही मोठा निर्णय याच घोंगड्यावर व्हायचा. कुणी काही विचारलं की अण्णांचं ठरलेलं उत्तर असे, "एकदा पडून बघतो." दुसऱ्या दिवशी दुपारी ते पडत, बघत आणि उठून 'व्हय' किंवा 'न्हाय' सांगत. माझ्या कॉलेजचा निर्णयही असाच झालेला. आमच्या घराण्यात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. अण्णा पडले, त्यांना मी स्वप्नात चेन नसलेल्या सायकलवरून चढ चढताना दिसलो, आणि उठून ते म्हणाले, "शिकू दे त्याला. तसाबी दुकानात उपेग न्हाय." अशी माझी डिग्री! झोपेतून आलेली. पण हे मी पुढं सोयीस्कर विसरलो.

दोन हजार दोन-तीनच्या सुमाराची गोष्ट. संगीला गडहिंग्लजचं स्थळ आलं. मुलगा हायस्कुलात मास्तर. बघायला आला तेव्हा संगीनं चहाचा ट्रे पुढं केला, तर गडबडून त्यानंच तिला "घ्या, घ्या," म्हटलं. संगी आत आली आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून हसली. आईला कळायचं ते कळलं. मुलाचे वडील, आप्पासाहेब, उठताना म्हणाले, "पावणं, आठ दिसांत काय ते सांगा. मुरगूडचंबी एक स्थळ आलंय. तुमचं न्हाय कळलं तर आमी तिकडं वळतो."

अण्णा म्हणाले, "एकदा पडून बघतो आन सांगतो."

नेमका त्याच संध्याकाळी मी इंटरनेटवर गेलो.

इंटरनेटवर 'जावं' लागायचं तेव्हा; राजारामपुरीतल्या कॅफेत, प्लायवूडच्या खुराड्यात, पडदा ओढून. वेबसाइटचं पान शटरसारखं वरून खाली बोट-बोट उतरायचं. मी शिकवण्या घ्यायचो, त्यासाठी काहीतरी शोधत होतो, आणि भलतंच पान उतरलं: 'तुम्ही दिवसा झोपता का? सावधान!' (होतं इंग्रजीत. मी बी.एस्सी. असल्यामुळं सगळं समजलं. हीच तर अडचण झाली!) खाली प्रश्न होते. मी अण्णांच्या वतीनं उत्तरं दिली. बसल्या बसल्या डुलकी लागते? लागते. प्रवासात लागते? लागते. समोरचा माणूस बोलत असताना लागते? मी बोलत असताना तर हमखास. बटण दाबलं आणि लाल अक्षरांत निकाल आला: हा गंभीर आजार आहे, ताबडतोब डॉक्टरांना गाठा. तिकडं म्हणे झोपेच्या प्रयोगशाळा असतात. माणसाच्या डोक्याला वीस-पंचवीस वायरी चिकटवतात, नाकावर पंप बसवतात आणि मग सांगतात, आता निवांत झोपा!

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणही न करता मी डॉक्टरांकडं पळालो. दवाखान्याचं दार अर्धं ओढलेलं. बाकावर आडवा झालेला कंपाउंडर एक डोळा उघडून म्हणाला, "डॉक्टर झोपल्यात. चारला या."

तिथंच मला शहाणपण यायला हवं होतं. पण मी पदवीधर होतो.

घरी येऊन मी अण्णांच्या डोक्याखालची उशी काढली.

"काय झालं?" अण्णा दचकून उठले. "दुकान पेटलं का काय?"

"अण्णा, आजपासून दुपारी झोपायचं नाही. तुम्हाला आजार आहे."

"कोण म्हणतंय?"

"इंटरनेट."

"कुटल्या गावचा त्यो?"

"गावचा नव्हे! सगळ्या जगाचा आहे."

"मग त्याला म्हणावं, येऊन दार वाजव. आपुन बोलू," असं म्हणून अण्णा पुन्हा आडवे झाले. मी घोंगडंच गुंडाळून माळ्यावर टाकलं. झोपेत श्वास बंद पडून माणूस कसा जातो, ते मी आईला असं काही रंगवून सांगितलं, की ती रडायलाच लागली. आईचं रडणं बघून अण्णा मुकाट्यानं दुकानात जाऊन बसले.

पहिल्या दिवशी त्यांनी एका गिऱ्हाईकाच्या सायकलला मागचं चाक पुढं बसवून दिलं. दुसऱ्या दिवशी पंक्चर काढता काढता ट्यूबवर डोकं ठेवलं, आणि सोल्यूशनचा हात कपाळाला लागल्यामुळं ट्यूब डोक्यालाच चिकटली. मी स्टूल टाकून समोर पहारा देत होतो. डोळा मिटला की मी टण्णकन सायकलची घंटा वाजवायचो. गल्ली बदलून गेली. दुपारचा तो सगळा मऊपणा जाऊन तिथं नुसतं ऊन उरलं. चहाच्या वेळी अण्णा कपात बघत बसायचे. सांगायला काहीच नसायचं. चहा मात्र गरम गरम संपायचा.

एके दिवशी संगीनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"दादा, गडहिंग्लजला काय कळवायचं?"

"अण्णा सांगतील की."

"अण्णा कसं सांगतील? तू त्यास्नी पडू द्यालायस व्हय? पडल्याबिगार त्ये बघणार कसं, आन बघितल्याबिगार सांगणार कसं? तकडं मुरगूडवाली हळद दळायला बसतील!"

"लग्नासारखी गोष्ट स्वप्नावर ठरवायची नसते, संगे. विचार करून ठरवायची असते."

"मग कर की इचार! तू लई शिकलायस. सांग, व्हय का न्हाय?"

मी विचार केला. मी म्हणालो, "इंटरनेटवर बघतो." संगीनं लाटणं उचललं, तशी मी चर्चा थांबवली.

त्यानंतर अचानक अण्णा सुधारले. जेवण झालं की टोपी घालून, "येष्टी स्टँडाकडं सामान आणाय जातो," म्हणत आणि चहाला हसतमुखानं परत येत. सामान कधीच आणत नसत. मी कॅफेत जाऊन 'रुग्णात लक्षणीय सुधारणा' या विषयावर वाचत बसलो. नंतर कळलं, की अण्णा हातकणंगल्याचं तिकीट काढून, खिडकीला डोकं टेकून झोपत जात आणि तसेच झोपत परत येत. माझ्या पहाऱ्यातून सुटायला त्यांनी महामंडळाची अख्खी गाडी घोंगड्यासारखी वापरली!

मुदतीच्या सातव्या दिवशी मात्र चहाची वेळ टळली तरी अण्णा आले नाहीत. आईनं देवापुढं दिवा लावला. संगी दारात उभी. मी कॅफेकडं पळायच्या बेतात होतो ('रुग्ण भटकतो काय?' हे बघायला), तेवढ्यात दुकानातला फोन वाजला.

"मी आप्पासाब बोलतोय, गडहिंग्लजवरनं. तुमचं अण्णा हितं झोपल्यात."

"कुठं?"

"आमच्या सोप्यात."

मुलीच्या बापानं, होकार द्यायच्या आधी, न सांगता-सवरता मुलाच्या घरी जायचं आणि तिथं जाऊन झोपायचं! पाहुण्यांत तोंड दाखवायला जागा उरली नाही. तशात माझ्या तोंडून निघालं, "त्यांना हलवू नका! श्वास चालू आहे का बघा!"

"श्वास? आवो, तिसऱ्या गल्लीला ऐकू जातोय!"

मी फोन ठेवला. संगीनं एकाच वाक्यात निकाल दिला, "दादा, माझं लगीन मोडलं तर मी जल्मभर तुझ्याच घरात ऱ्हाणार, आन रोज दुपारी घंटी वाजवणार."

आई, संगी आणि मी मिळेल त्या गाडीनं निघालो. संगीला कुणी चल म्हटलं नव्हतं, पण तिला थांब म्हणायची माझी छाती नव्हती. वाटेत उसाची शेतं, एखाद्या गुऱ्हाळाचा गोड धूर, मावळतीचं पिवळं ऊन. सगळी गाडी पेंगत होती. मी एकटाच ताठ बसून माफीची वाक्यं पाठ करत होतो.

आप्पासाहेबांच्या सोप्यात शिरलो, तर अण्णा लोडाला टेकून बसलेले, हातात कपबशी, आणि भोवती सगळं घर. तो मास्तर मुलगा दाराआडून ऐकतोय. त्याला बघताच संगी आईच्या मागं झाली.

"अण्णा, इथं कसे आलात?" मी कसाबसा म्हणालो.

"हातकणंगल्याच्या गाडीत नुसता डोळा लागतोय, बाळासाब. सपान पडायला लांबची गाडी पायजे. म्हटलं, गडहिंग्लजची धरावी. शेवटाला कंडक्टरनं उतरवलं. झोप अर्धी ऱ्हायलेली, वळखीचं घर एकच. आलो."

मी आप्पासाहेबांपुढं हात जोडले. "माफ करा, अण्णांना जरा आजार आहे..."

"आजार?" आप्पासाहेब उसळले. "आवो, पोरगं नोकरीला लागल्यापास्नं मला झोप न्हाय. बेळगावच्या डॉक्टरनं मशिनीत घातलं, गोळ्या दिल्या, त्या गोळ्यांवर आनखी गोळ्या दिल्या. डोळा मिटंल तर शपथ! आज पावणं हितं आडवं झालं, घोराय लागलं, आन म्या ऐकत ऐकत शेजारी कवा कलंडलो, मलाच कळलं न्हाय. आमच्या मंडळींनी नाकाला सूत लावून बघितलं, जित्ता हाय का म्हणून! त्यास्नी आज सोडत न्हाय मी. मुक्कामाला ऱ्हावा."

आई हळूच अण्णांना म्हणाली, "आन... बघितलासा का?"

संगीचा हात माझ्या दंडावर घट्ट रुतला. अण्णांनी बशी खाली ठेवली.

"बघितलं. हिरण्यकेशी दुथडी भरल्याली. पाणी कसं, गुळाच्या पाकावानी, शांत. आन आपली संगी त्या पाण्यावरनं सायकल चालवालीया. चाकं बुडत न्हाईत. नुसती गोल गोल वलयं उठत्यात. मागं कॅरेजवर ह्यो मास्तर, हातात डबा धरून. म्या काठावरनं वरडलो, संगे, ब्रेक लाव! तर ती म्हणाली, अण्णा, हितं ब्रेक लागत न्हाय. आन दोघं हासत गेली पल्याड."

दाराआड मास्तरांच्या हातातलं भांडं खण्णकन पडलं. अण्णा म्हणाले, "तवा आमचं व्हय हाय, पावणं."

आप्पासाहेबांनी साखर आणायला सांगितली. आई डोळे पुसायला लागली. संगीनं माझा दंड सोडला. तिथं चार बोटं उमटली होती. सगळं असं गोड झाल्यावर, आपलाही त्या स्वप्नात कुठंतरी वाटा असावा, असं मला वाटून गेलं. मी विचारलं, "अण्णा, मी नव्हतो त्यात?"

"हुतास की. काठावर हुभा राहून समद्यास्नी सांगत हुतास, पाण्यावर सायकल चालतच न्हाय म्हणून."

"मग?"

"मग त्ये पटवून द्यायला सोताची सायकल घालून गेलास पाण्यात. एकटाच बुडलास."

सोपा हसून लोळला. फक्त आप्पासाहेब हसले नाहीत. चांगली झोप झालेला माणूस तो, माझ्याकडं वळून खऱ्याखुऱ्या काळजीनं म्हणाले, "पवायला येतं न्हवं तुमास्नी?"

येत नव्हतं. पण तसं सांगायला तोंड उघडलं, आणि फिजिक्समध्ये फर्स्ट क्लास असलेल्या मला, तिथं सतरंजीवर बसल्या बसल्या, गुडघ्यापर्यंत पाणी आल्यासारखं वाटलं.