मौद्याची झोप

नागपूर स्टेशनवर उतरलो तेव्हा जिकडेतिकडे संत्री आणि सरकार. हिवाळी अधिवेशनामुळे लॉजमध्ये खोली मिळेना. शेवटी रामदासपेठेत एका निवृत्त शिक्षकांनी पडवीत जागा दिली. सकाळी पोह्यांवर तर्री (चण्याचा झणझणीत रस्सा) वाढली. माझ्या साताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आले. वर्षभरात प्रथमच ते नुसत्या तिखटाने आले होते.

राज्यातल्या कॅन्सर सेवांचा आराखडा ठरत होता, त्या बैठकीसाठी मी आलो होतो. माझी पत्नी सुमती याच रोगाने गेली. ‘आता उपचार नाहीत’ म्हणून इस्पितळाने घरी पाठवले. शेवटचा महिना वेदनांनी तिला झोपू दिले नाही.

बैठकीत खाटा, यंत्रे, इमारती यांवर पुष्कळ बोलणे झाले. मी उभा राहिलो आणि ठरवलेले भाषण विसरलो. “रुग्णाला घरी पाठवता, तसं वेदनेचं औषधही घरी पाठवा,” एवढेच बोलून बसलो.

“घरी मॉर्फिन?” अध्यक्ष म्हणाले. “जबाबदारी कोण घेणार?”

मागून एक बाई उठल्या. नागपूरजवळच्या मौद्याच्या सोनाबाई, नवऱ्याला पोटाचा कॅन्सर. “काहून साहेब? दुखनं घरी धाडता, तवा त्याची जबाबदारी कोन घेते?”

हशा पिकला. अध्यक्षांशेजारच्या डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. “मी घेते. यांच्याच घरी करून दाखवते. जमलं तर आराखड्यात घाला.”

अध्यक्षांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंच्या जीपमधून मीही निघालो. दोन्हीकडे कापणी झालेली धानाची (भाताची) शेते. वाटेत चाक पंक्चर झाले. बांधावर बसून संत्री खाल्ली.

सोनाबाईंचे पती बुद्धाच्या तसबिरीखाली बाजेवर पुढे वाकून बसले होते. आडवे झाले की कळ असह्य होई. डॉक्टरीणबाईंनी चमच्याने औषध पाजले. आम्ही ओसरीवर थांबलो.

बऱ्याच वेळाने आतून खरखर आली. मी दचकून उठलो. सुमतीची शेवटची घरघर मी ऐकलेली होती. डॉक्टरीणबाई लगबगीने आत गेल्या, नाडी आणि श्वास पाहून हसत बाहेर आल्या. मागून सोनाबाई, तोंडाला पदर लावून.

“घाबरू नका भाऊ. बुढा (नवरा) घोरून राहिला!”

“काय झालं वं?” शेजारीण ओरडतच आली.

“हळू बोल वं! लग्नापासून याच्या घोरन्यानं मले झोप नाही. आता म्हनते, घोर बापा, पोटभर घोर!”

त्याच आठवड्यात अध्यक्ष स्वतः मौद्याला आले. रुग्ण बाजेवर लांब पाय करून पडला होता. “साहेब, उद्या या ना,” तो म्हणाला. “आता झोप येऊन राहिली.”

आराखड्यात वाक्य आले: घरी पाठवलेल्या रुग्णाला वेदनेचे औषध घरपोच मिळेल. मी ते वाचले, पुन्हा वाचले. सुमतीला ते मिळाले नाही. पण साताऱ्यातल्या पुढच्या सुमतीला मिळेल.

परतीच्या गाडीत समोरचे गृहस्थ भरदुपारी जोरात घोरू लागले. डबा वैतागला. एकजण त्यांना हलवायला उठला.

मी त्याचा हात धरला. “झोपू द्या त्यांना,” म्हणालो, आणि साताऱ्याकडे जाताना ते घोरणे मनसोक्त ऐकत राहिलो.