अक्षरावरची रेघ

माझी मावशी चिडली की आवाज चढवत नाही, उलट खाली आणते. त्या दिवशी प्रकाशकांच्या कचेरीत तो इतका खाली आला की शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वर केल्या.

मावशी लॅटिन आणि इटालियन शब्दकोशाची संपादक. तिचं आयुष्य अक्षरांच्या डोक्यावर गेलं. लॅटिनमध्ये स्वर दीर्घ असेल तिथे आडवी रेघ, इटालियनमध्ये जोर पडतो तिथे तिरकी. घरीही तिचे कान तसेच. काका "बरं आहे" म्हणाले, तर विचारायची, जोर 'बरं'वर की 'आहे'वर? काका पेपर वर धरायचे.

शेवटची प्रुफं आली, त्यांत एकही रेघ नव्हती. प्रकाशनाच्या मालकांनी परस्पर काढायला लावल्या होत्या, का तर विद्यार्थी बिचकतात. रेघा गेल्यावर काही शब्द दोनदा आलेत असं वाटून अक्षरजुळणी करणाऱ्याने ते भलेपणाने एक करून टाकले. इटालियन 'आंकोरा'. 'आं'वर जोर दिला तर जहाजाचा नांगर, 'को'वर दिला तर 'अजून'. आता दोन्ही एका नोंदीत. लॅटिनमध्ये तर सफरचंद आणि दुष्टपणा शेजारी शेजारी नांदत होते, कारण फरक काय तो पहिल्या स्वराच्या लांबीचा.

मावशी प्रुफं घेऊन मालकांच्या खोलीत गेली. मी मागोमाग.

"संदर्भावरून कळतं की, ताई," मालक म्हणाले.

"ज्याला संदर्भ कळतो तो कोश कशाला उघडेल?"

मालक हसले. एवढ्याशा रेघेपायी छपाई थांबवायची का, असं म्हणाले. मावशीने विचारलं, तुमच्या मुलाच्या लग्नपत्रिकेत 'शुभ दिन'चं 'शुभ दीन' करू का? तेही कळेलच संदर्भावरून. मालकांचं हसू मावळलं. मग त्यांनी गोडीत घेतलं. पहिल्या पानावर तिचं नाव केवढ्या मोठ्या अक्षरात घातलंय, ते दाखवलं.

मावशीने त्यांच्याच टेबलावरचं पेन उचललं आणि नाव खोडलं. कागद फाटेस्तोवर.

"अहो, तुमच्या नावावर तर कॉलेजं मागणी नोंदवतात."

"मग त्या नावाचं काम छापा."

मालकांनी फाटलेलं पान उचलून बाजूला ठेवलं. शेवटी त्यांनी छापखान्याला फोन लावला, काम थांबवायला सांगितलं, रेघांची जुनी प्रत काढायला लावली. वर मावशीला म्हणाले, आता तरी राग सोडा.

"अजून नाही," मावशी म्हणाली. जोर 'अजून'वर.