कोपरा कापलेले पणजोबा

फ्रेमवाल्यांच्या सुनेने त्या रविवारी सासऱ्यांच्या दुकानातली पत्र्याची ट्रंक उघडली आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. पण ट्रंकेपाशी पोहोचण्याआधी रविवारचं ते वेड काय होतं ते सांगायला हवं, कारण सगळा घोळ त्या वेडाने घातला.

सून एका दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसायची. येईल त्याला दिवसभर विचारायचं, "वडिलांना शुगर होती का? आजोबा कशाने गेले?" लोक डोकं खाजवून खाजवून सांगायचे, आणि एक दिवस हिच्या लक्षात आलं की आपल्याला हेच कुणी विचारलं तर आपलंही तोंड बंद. त्यातच लेक मोबाइलला गोचिडासारखी चिकटलेली. लेकीचं खरं नाव शाळेपुरतं. घरात ती भिंगरी, कारण एका जागी बसेल तर शपथ. सगळ्यांनी रविवारी बाहेर पडायचं म्हणजे खिशाला चाट. तेव्हा सूनबाईंनी फर्मान काढलं: दर रविवारी घरच्या घरी घराण्याची चिकटवही करायची. खर्च जवळजवळ नाहीच. सासऱ्यांच्या दुकानात फोटोभोवती लावायच्या जाड रंगीत पुठ्ठ्यांच्या कातरणांचा ढीग पडलेला असे, आणि मैद्याची खळ घरात शिजे. नवऱ्याने आधी नाक मुरडलं, मग तोच सगळ्यांच्या आधी कात्री घेऊन बसायला लागला.

तिच्या माहेरची पानं भराभर भरली. आईने फोनवर इतकी चुलत, मावस, आते माणसं ओतली की शेवटी हिलाच म्हणावं लागलं, "पुरे गं आई, वही फाटेल." सासरकडे मात्र भिंतीवरच्या तीन तसबिरी, बस्स. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी असलेली करारी पणजी. भांग पाडलेले चुलत पणजोबा. आणि मधोमध पणजोबा, चक्क हसणारे. त्या काळात फोटो काढताना माणसं श्वास रोखून उभी राहत, आणि हा गृहस्थ दात दाखवून हसत होता.

त्यांच्याबद्दल फ्रेमवाले बोलायला लागले की थांबत नसत. पणजोबा नावाडी होते. ते हसले की पलीकडच्या काठावरची माणसं ओरडून विचारायची, काय झालं म्हणून. एकदा वल्हं वाहून गेलं तेव्हा त्यांनी स्वयंपाकाच्या परातीने नाव वल्हवून आणली होती. भिंगरीने ऐकून ऐकून त्या सगळ्याचं चित्रांचं पुस्तक केलं, 'हसणारे पणजोबा', पुठ्ठ्याची पानं, सुतळीची शिवण. एका पानावर नुसतं नाक होतं. कारण सासूबाई लेकाकडे बघून नेहमी म्हणायच्या, "याचं नाक थेट आजोबांचं." नवऱ्याला त्या नाकाचा भारी अभिमान.

ते पुस्तक त्या रविवारी संध्याकाळच्या चहाला सगळ्यांसमोर वाचायचं ठरलं होतं. वहीसाठी भिंतीवरच्या फोटोंच्या प्रती काढायच्या म्हणून सुनेने तसबिरी उघडायचं म्हटलं, तर एरवी कशालाच नाही न म्हणणारे सासरे गरजले, "चौकट उघडायची नाही!" का, ते नाही सांगितलं. सून "बरं" म्हणाली. ऐकणाऱ्यांतली मात्र ती नव्हती.

सकाळी सासरे दुकानात गेले, सासूबाई भाजी आणायला गेल्या, आणि हिने तिन्ही तसबिरी उतरवल्या. मागचा कागद सुरीने सोडवला, बारीक खिळे उपसले, फोटो बाहेर काढले. तिन्ही फोटोंचा खालचा डावा कोपरा तिरका कापलेला, इतकी वर्षं पुठ्ठ्याच्या कडेखाली झाकलेला. एकाचा असता तर उंदीर म्हटलं असतं. तिन्ही? मग तिला सुचलं की ही घराण्याची रीत असणार, आणि ती अशी हरखली की तिने वहीत तशी नोंदसुद्धा करून टाकली.

तेच फोटो पिशवीत घालून ती दुकानात गेली. कबूल करायचं, चार शब्द ऐकून घ्यायचे आणि त्या रीतीमागची गोष्ट काढून घ्यायची, असा बेत. दुकान म्हणजे चिंचोळी खोली. भिंतीला टेकवलेल्या लाकडी पट्ट्या, काचेचा चुरा, सरसाचा वास. सासरे एका गिऱ्हाइकाशी बोलत होते. ही आतल्या बाजूला बसून कातरणं शोधायला लागली आणि टेबलाखालची ट्रंक तिने पुढे ओढली.

आत कातरणं नव्हतीच. माणसं होती. बायका, पोरं, पाटावरची बाळं, पदवीचा झगा घातलेला कुणी तरुण. आणि प्रत्येकाचा खालचा डावा कोपरा कापलेला.

तिकडे गिऱ्हाईक काकुळतीला आलं होतं. "वडलांचा फोटो दिला होता हो, मधे मी आजारी पडलो, राहूनच गेलं. टाकून तर नाही ना दिलात?"

"टाकतोय कशाला?" फ्रेमवाले हसले. "या दुकानात माणूस टाकत नाहीत. आमच्या मालकांची शिस्त होती. बरीच वर्षं वाट बघायची. कुणीच आलं नाही तर कोपरा कापायचा, म्हणजे नव्या कामात मिसळत नाही. आणि मग जपून ठेवायचं. तुमचा अजून कापलेला नाही, देतो."

सुनेच्या हातातले फोटो गळून पडले. तिला सगळ्यात आधी काय आठवलं असेल, तर नवऱ्याचं नाक.

गिऱ्हाईक गेलं. फ्रेमवाले वळले. त्यांनी उघडी ट्रंक पाहिली, सुनेची पिशवी पाहिली, पिशवीतून डोकावणारं हसू पाहिलं, आणि त्यांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

"बाबा, हे कोण आहेत?"

"मला माहीत नाही," फ्रेमवाले म्हणाले.

तिला वाटलं होतं ते काहीतरी थाप मारतील. थाप परवडली असती. ते मटकन स्टुलावर बसले आणि सांगत सुटले. ते स्वतः एवढेसे असताना याच दुकानाच्या पायरीवर कुणीतरी त्यांना सोडून गेलं होतं. मालकांनी वाट पाहिली, चौकशा केल्या, कुणी आलं नाही. मालकांनी वाढवलं, काम शिकवलं, पुढे दुकानही दिलं. पण लग्न ठरायच्या वेळी मुलीकडची मंडळी घर बघायला येणार म्हटल्यावर त्यांना बोडक्या भिंतीची लाज वाटली.

"या ट्रंकेतले दोघंजण कसेही घेतले. हा मात्र निवडून घेतला. म्हटलं, आपल्याला बाप असता तर असा असता. मग पोरगा विचारायला लागला, आजोबा काय करायचे? काहीतरी सांगावं लागलं. सांगता सांगता मलाच खरं वाटायला लागलं, पोरी."

"आणि ती परात?"

"तीपण मीच."

सुनेच्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याला फसवलं, पोरीला फसवलं, आणि ही शहाणी वंशावळ लिहीत बसली! "आज भिंगरी सगळ्यांसमोर ते पुस्तक वाचणार आहे. त्याआधी तुम्ही सांगा. नाहीतर मला सांगावं लागेल."

"पोराला सांगेन. पोरीलाही सांगेन," ते हात जोडून म्हणाले. "पण तुझ्या सासूसमोर नको. आख्खा संसार तिने त्या फोटोंवरची धूळ पुसलीय. तिला कळलं तर ती माझं तोंड बघणार नाही."

"सगळ्यांसमोर," सून म्हणाली. आणि फोटोंची पिशवी उचलून ती घरी निघाली.

चहाच्या वेळी भिंतीवर तीन रिकामे चौकोन होते आणि त्यांबद्दल कुणीच काही विचारत नव्हतं. भिंगरीने घसा खाकरला, पहिलं पान उघडलं. "माझे पणजोबा नावाडी होते..."

"नव्हते," फ्रेमवाले म्हणाले. त्यांनी कप इतक्या घाईने खाली ठेवला की चहा बशीबाहेर सांडला. मग त्यांनी सगळं सांगितलं, मान वर न करता. ट्रंक, कोपरे, पायरी, सगळं.

नवऱ्याचा हात आपोआप नाकाकडे गेला आणि तिथेच राहिला. "म्हणजे मी कुणासारखाच दिसत नाही?" तो एवढंच म्हणाला. इतका मोठा माणूस, पण आवाज लहान पोराचा. सुनेला भडभडून आलं. कशाला मेली ही वही काढली, असं तिला झालं.

सासूबाईंनी सांडलेला चहा फडक्याने पुसला. "मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

फ्रेमवाल्यांनी मान वर केली. तोंड उघडं ते उघडंच.

"लग्नाच्या पहिल्याच वर्षी काच तडकली होती. तुम्हाला कळायच्या आत बसवून टाकावी म्हणून मी फोटो काढला, तर कोपरा कापलेला. तुमचा डबा घेऊन दुकानात जायची ना मी? मालक कोपरे कापताना मी काय कमी वेळा पाहिलं होतं?"

"मग... बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या कौतुकाने सांगत होतात. मला फुकटात हसरा सासरा मिळाला होता. का घालवू? नाकाचं तर मीच काढलं, तुम्ही नाही."

इतकी वर्षं हा माणूस जिच्या भीतीने चौकट उघडू देत नव्हता, तिने ती सगळ्यात आधी उघडली होती. फ्रेमवाल्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ते रडत होते की हसत होते, सुनेला शेवटपर्यंत कळलं नाही.

तेवढ्यात भिंगरी उठली आणि तिने आईच्या पिशवीतून हसणाऱ्या माणसाचा फोटो काढला. पुठ्ठ्यांच्या कातरणांतून तिने एक तपकिरी तुकडा निवडला, तिरका कापला आणि त्या फोटोच्या कापलेल्या कोपऱ्याला खळीने चिकटवायला घेतला. कोपरा पुरा झाला, वाकडा का होईना.

"अगं, हे काय करतेस?" सून ओरडली.

"कुणी न्यायला आलं नाही म्हणून कापतात ना? पण आजोबा यांना घरी घेऊन आले. मग आता लावायला नको?"

"त्यांचं खरं माणूस आलं, तर मात्र देऊन टाकायचा हं," फ्रेमवाले कसेबसे म्हणाले.

"देऊ की," भिंगरी म्हणाली. मग तिला काहीतरी आठवलं. खळीची बोटं तशीच वर धरून ती आजोबांकडे बघत राहिली. "आजोबा, तुम्हाला पायरीवरून न्यायला कुणीच आलं नाही?"

फ्रेमवाल्यांनी मान हलवली, नाही म्हणून.

"असं कसं?" सासूबाई म्हणाल्या. "मी आले होते की."